पाश्चरची डावी मूठ

लुई पाश्चर म्हटलं की आपल्याला आठवते दुधाची पिशवी, नाहीतर बारावीची केमिस्ट्री. यंदा फायनल इयरला आम्ही चौघांनी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी हातमोजा बनवायचा प्रोजेक्ट घेतलाय. त्यासाठी वाचता वाचता हा माणूस वेगळाच भेटला.

पाश्चर जन्मला १८२२ मध्ये, फ्रान्समधल्या दोल गावी. वडील कातडी कमावायचे. पोराचा हात चित्रकलेत भलताच चालायचा. त्याने काढलेली आईवडिलांची चित्रं आजही आहेत. १८४८ मध्ये त्याने टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे बारीक स्फटिक एकेक करून निवडले, डाव्या वळणाचे एका बाजूला, उजव्या वळणाचे दुसऱ्या. म्हणजे पहिला मोठा शोधच हाताच्या कसबाचा!

१९ ऑक्टोबर १८६८. वय अवघं ४५. पॅरिसमध्ये अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी कानामागे जळवा लावल्या; त्या काळी दुसरं होतं काय? पण आठवड्याभरात पठ्ठ्या बिछान्यातून रेशीमकिड्यांच्या रोगावरचं टिपण तोंडी सांगत होता, आणि जानेवारीत त्याच कामासाठी दक्षिणेकडे निघालासुद्धा.

डावा हात मात्र कायमचा अधू राहिला. इथे थोडं आमच्या विषयातलं सांगतो. झटक्यानंतर बोटं मिटवणारे स्नायू आखडतात, मूठ उघडतच नाही. आमच्या मोज्यात तळहाताच्या बाजूने चपट्या नळ्या आहेत. पंपाने हवा भरली की त्या ताठ होतात आणि बोटं उघडतात. मोटर लावून दोरीने ओढायचीही पद्धत आहे, पण हवा बोटाला जपते. रुग्णाने स्वतः जोर लावत हे शेकडो वेळा करायचं, तेव्हा कुठे मेंदूचा शाबूत भाग ते काम शिकू लागतो. नुसता मोजा चढवून बसलं तर फारसा उपयोग नाही.

पाश्चरकडे यातलं काहीच नव्हतं. प्रयोगशाळेत रू, शांबरलां अशा सहकाऱ्यांचे हात त्याच्या मदतीला होते. त्यांची नावं आपल्या पुस्तकात येत नाहीत, हे मला खटकतं. ६ जुलै १८८५ ला पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या ९ वर्षांच्या जोसेफ मैस्तरला रेबीजची लस द्यायची वेळ आली. पाश्चर वैद्यकीय डॉक्टर नव्हता, त्यामुळे सुई डॉ. ग्रांशे यांनी टोचली. पोरगा दगावला असता तर? त्या दिवसांत पाश्चरला झोप लागत नव्हती. १३ टोचण्या झाल्या, पोरगा वाचला.

१८८७ मध्ये पुन्हा झटका आला. पुढच्या वर्षी पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उघडली, तेव्हा त्याचं भाषण मुलाने वाचून दाखवलं. १८९५ मध्ये तो गेला. त्याची कबर त्याच संस्थेच्या इमारतीत आहे.