समजून घ्या : डॉ. कोटणीस सर्जन कसे झाले?

कोणत्या डॉक्टरने कोणती शस्त्रक्रिया करावी, हा वाद संपलेला नाही. मेहरूणमधल्या दवाखान्यात टाके घातले जातात, गळू फोडले जाते. त्यापुढचे निघाले की जळगाव सिव्हिलची चिठ्ठी. २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर डॉक्टरांसाठी ५८ शस्त्रक्रियांची यादी निघाली, तेव्हा आयएमएने देशभर विरोध केला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना मात्र चिठ्ठी लिहायला पुढे कोणी नव्हतेच.

जन्म १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या जीएस मेडिकलमधून ते डॉक्टर झाले. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी सुरू असतानाच १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून ते चीनला गेले. नागपूरचे डॉ. चोळकरही पथकात होते.

१९४० च्या लढाईत कोटणीस यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. त्याआधी वर्षभरापूर्वीच कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून शस्त्रक्रिया करताना बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गाने दगावले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये पहिले संचालक झाले.

व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे नाव घरोघरी पोहोचले. त्यांच्या शिकवण्याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. ते चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत स्थानिक तरुणांना शस्त्रक्रिया शिकवू लागले आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२. मुलगा काही महिन्यांचा होता आणि पुस्तक अर्धे राहिले होते.