आर्किमिडीज : वजन तेच, मग फरक कुठे?



आपला सोलापूर जिल्हा ज्वारीचा. एक किलो ज्वारी छोट्या पिशवीत मावते. पण एक किलो ज्वारीच्या लाह्या घ्या, भली मोठी पिशवी लागेल. काटा मात्र दोन्हीला एकच आकडा दाखवतो. म्हणजे वस्तुमान सारखं, आकारमान वेगळं. एवढ्याच फरकावरून सोन्यातली भेसळ पकडणाऱ्या शास्त्रज्ञाची आज ओळख करून घेऊ.

आर्किमिडीज यांचा जन्म इ.स.पूर्व 287 च्या सुमारास सिराक्यूज या ग्रीक शहरात झाला. हे शहर सिसिली बेटावर असून ते बेट आज इटलीत आहे. वडील फिडियास खगोलशास्त्राचे अभ्यासक होते. आर्किमिडीज यांनी तरफेचा नियम गणिताने सिद्ध केला. त्यांचा सर्वांत आवडता शोध मात्र आकारमानाचा होता. डब्यात चेंडू अगदी घट्ट बसला, वर-खाली आणि बाजूंनाही टेकला, तर चेंडूचं आकारमान डब्याच्या दोन तृतीयांश असतं.

मुकुटाची गोष्ट

ही गोष्ट व्हिट्रुव्हियस या रोमन लेखकाने सुमारे दोनशे वर्षांनंतर लिहून ठेवली. हिरो राजाने देवाला वाहण्यासाठी सोन्याचा मुकुट करवून घेतला. वजन बरोबर भरलं, तरी सोनं काढून चांदी मिसळल्याचा संशय आला. मुकुट तर मोडायचा नव्हता! आता पट्टीने त्याचं आकारमान कसं मोजणार?

भरलेल्या टबात उतरताना पाणी बाहेर सांडलं आणि आर्किमिडीज यांना उत्तर सापडलं. बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाएवढं पाणी बाजूला सारते. त्यांनी मुकुटाएवढ्याच वजनाचं शुद्ध सोनं पाण्यात बुडवून पाहिलं. मुकुटाने त्यापेक्षा जास्त पाणी सांडलं. भेसळ उघडी पडली.

असं का झालं? हे सूत्र पाहा :

घनता = वस्तुमान ÷ आकारमान

सोन्याची घनता 19.3 ग्रॅम प्रति घन सेमी, तर चांदीची 10.5. म्हणून 1 किलो सोनं सुमारे 52 घन सेमी जागा घेतं. त्यातलं 300 ग्रॅम सोनं काढून तेवढीच चांदी घातली, तर सुमारे 65 घन सेमी जागा लागते. काटा फसला, पाणी फसलं नाही.

पुढे तरंगणाऱ्या वस्तूंवर त्यांनी ग्रंथ लिहिला. आर्किमिडीजचं तत्त्व म्हणून आपण जे शिकतो, ते त्यातलंच.

शेवट

रोमन सैन्याने सिराक्यूजला वेढा घातला, तेव्हा आर्किमिडीज यांच्या यंत्रांनी शहराचं रक्षण केलं. पण इ.स.पूर्व 212 मध्ये शहर पडलं आणि एका रोमन सैनिकाने त्यांना ठार मारलं. त्यांच्या थडग्यावर तोच आवडता गोल आणि वृत्तचिती कोरलेली होती. इ.स.पूर्व 75 मध्ये सिसेरो या रोमन अधिकाऱ्याला ते थडगं काटेरी झुडपांत सापडलं. तेव्हा तिथल्याच लोकांना त्याचा विसर पडला होता.

करून पाहा

386 ग्रॅमचा एक भरीव दागिना पाण्यात बुडवला. 25 घन सेमी पाणी बाहेर आलं. दागिना शुद्ध सोन्याचा आहे का? वहीत गणित करा आणि तुमचं उत्तर घरच्यांना समजावून सांगा.