पालीचा वर्ग महाराष्ट्रात आणणारे धर्मानंद कोसंबी

विहारात आपण त्रिशरण-पंचशील पालीत म्हणतो. ही भाषा महाराष्ट्रातल्या कॉलेजात शिकवायला सुरुवात कुणी केली, हे मात्र आपल्या तरुणांना फारसे ठाऊक नसते.

धर्मानंद कोसंबी १८७६ साली गोव्यात साखवाळला जन्मले. बुद्ध नीट समजून घ्यायचा म्हणून १८९९ ला घर सोडले. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती, हेही सांगायला हवे. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. १९०२ साली सिलोनला गेले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांच्या हाताखाली पाली शिकून श्रामणेर झाले. आपल्या देशात तेव्हा ही सोय जवळपास नव्हतीच.

पुढे कलकत्ता विद्यापीठातली पालीची नोकरी सोडून सयाजीराव गायकवाडांचे महिना ५० रुपये त्यांनी पत्करले, कारण अट महाराष्ट्रात राहून काम करण्याची होती. १९१२ ते १९१८ त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पु. वि. बापट त्यांचेच विद्यार्थी.

ब्राह्मण घरातले, गांधींच्या जवळचे, म्हणून आपल्यातले काही जण त्यांना बाजूला ठेवतात. आम्हाला ते पटत नाही. १९३७ च्या सुमारास हाच माणूस परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारून राहिला होता. ४ जून १९४७ ला सेवाग्राममध्ये अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

पालीच्या वर्गात आज बाके रिकामी दिसतात. यंदा प्रवेश घेताना पाली हा विषय आपल्यातले कितीजण निवडणार आहेत?