रे. डॉ. जॉन विल्सन व त्यांचे दूरदेशीचे शिष्य

बार्शीटाकळी व तिच्या भोवतालच्या खेड्यांतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांस एक काळजी नेहमी लागलेली असते. मुलगा अथवा मुलगी विद्येसाठी अकोल्यास, अमरावतीस किंवा त्याहून दूर मुंबईस गेली, म्हणजे ती आपल्या घरास व मंडळीस अंतरली, असे वडील माणसांच्या मनात येते. शिकविणाऱ्या गुरूसही दुसऱ्या बाजूने हीच काळजी असते. शाळा सोडून गेलेले मूल पुढे कोठे गेले, पेरलेले बी उगवले की वाटसरूंच्या पायांखाली तुडविले गेले, हे त्यास बहुधा कळत नाही. ज्या थोर पुरुषाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांनी ही काळजी चाळीस वर्षांहून अधिक काळ वाहिली. त्यांच्या शिष्यांपैकी काहींचा पुन्हा शोध लागला तो तर युद्धाच्या धामधुमीत व रानावनांत.

जॉन विल्सन ह्यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंड देशातील लॉडर नावाच्या लहानशा गावी झाला. एडिंबरो येथे अध्ययन पुरे करून त्यांनी मिशनरी होण्याचा निश्चय केला. १८२८ साली मार्गारेट बेन ह्या विदुषी स्त्रीशी त्यांचा विवाह झाला, आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये उभयता मुंबईस उतरली. प्रथम कोकणात बाणकोट व हर्णै येथे राहून त्यांनी मराठीचा अभ्यास केला. हा अभ्यास वरवरचा नव्हता. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तिला जोडलेला मराठी भाषेविषयीचा निबंध विल्सन साहेबांचाच आहे. आपल्या देशातील जुन्या लेण्यांविषयी व शिलालेखांविषयीही त्यांस फार आस्था असे. गिरनार येथील अशोकाच्या लेखाची नक्कल करून घेऊन ती लिपी वाचण्याच्या कामी त्यांनी विद्वानांस साहाय्य केले. बार्शीटाकळीच्या पुरातन देवळावरील शिलालेख ज्यांनी पाहिला आहे, त्यांस अशा श्रमाची किंमत सहज कळेल.

तथापि त्यांचे मुख्य काम शाळेचे होते. मार्गारेटबाईंनी मुंबईत येताच मुलींच्या शाळा काढिल्या. ज्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे हे अशुभ समजत, त्या काळी हे काम किती कठीण होते हे सांगावयास नको. १९ एप्रिल १८३५ रोजी त्या बाई देवाघरी गेल्या. विल्सन साहेबांवर हा मोठाच घाला होता. परंतु शाळा बंद पडल्या नाहीत. बाईंच्या दोघी बहिणी स्कॉटलंडहून आल्या व त्यांनी ते काम पुढे चालविले. मुलांसाठी विल्सन साहेबांनी १८३२ साली जी इंग्रजी शाळा स्थापिली, तीच वाढत वाढत पुढे विल्सन कॉलेज ह्या नावाने प्रसिद्ध झाली.

ह्या शाळेत हिंदू, पारशी, मुसलमान, बेने इस्राएल अशा नाना समाजांची मुले एकत्र बसत. १८३९ च्या मे महिन्यात धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोघा पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात मोठी खळबळ उडाली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पुष्कळ आईबापांनी आपली मुले शाळेतून काढून नेली. भरलेले वर्ग एकाएकी रिकामे झाले; परंतु विल्सन साहेबांनी शिकविणे थांबविले नाही. पुढे १८४३ साली स्कॉटलंडातील मंडळीत फूट पडली. विल्सन साहेब स्वतंत्र मंडळीस मिळाले, आणि शाळेसाठी मोठ्या कष्टाने उभारलेली इमारत दुसऱ्या पक्षाकडे राहिली. त्यांस पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागली.

ह्या शाळेत समुद्रापलीकडून आलेले दोघे भाऊही होते. गब्रू व मरिचा ही त्यांची नावे. ते हबशाणातील, म्हणजे आता ज्यास इथिओपिया म्हणतात त्या देशातील, वर्के नावाच्या गृहस्थाचे पुत्र. आपल्या मुलांस चांगली विद्या मिळावी म्हणून बापाने त्यांस मुंबईस विल्सन साहेबांच्या हवाली केले. आपला पुत्र परक्या देशात, परकी भाषा बोलणाऱ्या लोकांत ठेवून परत फिरताना त्या बापाच्या मनाची स्थिती काय झाली असेल, ह्याची कल्पना आमच्या वाचकांतील आईबापांनी करावी. काही वर्षे अध्ययन करून हे दोघे बंधू १८४३ च्या सुमारास स्वदेशी परतले. त्यानंतर बहुत वर्षे लोटली. त्या काळी त्या देशाशी टपालाची सोय अशी नव्हतीच. ह्या दोन मुलांवर केलेला श्रम व्यर्थ गेला, असे कोणी म्हटले असते तर त्यास उत्तर देणे कठीण झाले असते.

परंतु पंचवीस वर्षांनी उत्तर मिळाले. हबशाणचा राजा थेओदोर ह्याने इंग्रजांचा वकील व काही मिशनरी ह्यांस कैदेत टाकिले होते. त्यांस सोडविण्यासाठी १८६७ च्या अखेरीस सेनापती नेपियर ह्यांच्या हाताखाली सुमारे तेरा हजारांचे सैन्य निघाले, आणि त्याची पुष्कळशी तयारी मुंबईस झाली. सैन्यास तिग्रे प्रांतातून जाणे भाग होते. तेथील अधिपती कासा हा शत्रू होतो की मित्र, ह्यावर पुष्कळ अवलंबून होते. ह्या कासाने इंग्रजांच्या छावणीत आपला वकील पाठविला. तो उत्तम इंग्रजी बोलू लागला, तेव्हा ऐकणारे चकित झाले. विचारपूस करिता कळले की, हा मुंबईच्या विल्सन साहेबांचा विद्यार्थी मरिचा वर्के होय!

दोन लोक एकमेकांस ओळखत नसता, एकमेकांची भाषा जाणत नसता, शंकेवरून रक्तपात होण्यास वेळ लागत नाही. अशा वेळी दोहोंचे बोलणे समजणारा मनुष्य मध्ये उभा असणे ही लहान गोष्ट नव्हे. फेब्रुवारी १८६८ मध्ये कासा व नेपियर ह्यांची भेट झाली, आणि तिग्रेतून सैन्याचा मार्ग सुरळीत झाला. मरिचाने पुढेही आपल्या राजाच्या वकिलातीचे काम केले.

तरी ह्या युद्धाची दुसरी बाजू आम्ही झाकून ठेवीत नाही. १३ एप्रिल १८६८ रोजी मग्दला किल्ला पडला. कैदी त्यापूर्वीच सुटले होते. थेओदोराने आत्महत्या केली. किल्ला लुटला व जाळला गेला. त्याचा लहान पुत्र आलेमायेहू ह्यास इंग्लंडास नेण्यात आले. चांगल्यातल्या चांगल्या शाळेत त्यास घातले. पण त्याचे आईबाप गेले होते, आणि स्वदेशाचे त्यास पुन्हा दर्शन झाले नाही. १८७९ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, तो परक्या भूमीत मरण पावला. मरिचास बापाने आपण होऊन शाळेत घातले व तो शिकून घरी परतला. ह्या राजपुत्रास युद्धाने घरापासून तोडले. शाळा दोघांसही मिळाली, परंतु घर एकासच मिळाले. विद्येबरोबर मुलाचा आपल्या माणसांशी संबंध राखणे किती अवश्य आहे, हे ह्यावरून दिसते.

विल्सन साहेबांच्या शाळेतील आणखी दोन दूरदेशीच्या मुलांची हकीकत सांगतो. चुमा व विकाटानी हे आफ्रिकेतील मुलगे गुलामांच्या टोळीतून १८६१ साली डॉ. लिव्हिंगस्टन व त्यांचे सोबती ह्यांनी सोडविले होते. १८६४ साली लिव्हिंगस्टन साहेब आपली लहान आगबोट घेऊन मुंबईस आले, तेव्हा त्यांनी ह्या दोघांस विल्सन साहेबांच्या शाळेत ठेविले. डिसेंबर १८६५ मध्ये विल्सन साहेबांनी त्यांस बाप्तिस्मा दिला, आणि पुढच्याच महिन्यात ते लिव्हिंगस्टन साहेबांबरोबर आफ्रिकेस गेले. तेथे विकाटानीस आपले भाऊबंद भेटले व तो त्यांच्याजवळ राहिला. चुमा मात्र गुरूच्या मित्राबरोबर पुढे गेला. १८७३ साली लिव्हिंगस्टन साहेब अरण्यात निवर्तले, तेव्हा चुमा, सुसी व त्यांच्या सोबत्यांनी त्यांचा देह शेकडो कोस वाहून समुद्रकिनारी आणिला. त्या सोबत्यांत नाशिकजवळच्या शरणपूर येथील ख्रिस्ती आश्रमात शिकलेला याकोब वेनराइटही होता. मुंबई व नाशिक येथे निरनिराळ्या शाळांत वाढलेली ही मुले आफ्रिकेच्या रानात एका प्रेताभोवती एकत्र झाली, आणि आपल्या विश्वासूपणाने त्यांनी सर्व जगास थक्क केले.

आपल्या वऱ्हाडाच्या जवळचेही उदाहरण आहे. मुंबईच्या ह्याच शाळेत शिकलेले नारायण शेषाद्री ह्यांनी १८४३ साली बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसविली. धनजीभाई नौरोजी हेही पाळक होऊन दीर्घकाळ सेवा करीत राहिले.

विल्सन साहेब १८६८ साली मुंबई विश्वविद्यालयाचे व्हाइस चान्सेलर झाले, आणि १८७० साली स्कॉटलंडच्या स्वतंत्र मंडळीने त्यांस आपल्या महासभेचे अध्यक्ष केले. हे मान मिळाल्यावर ते स्वदेशी विश्रांती घेत बसले असते तर कोणी नावे ठेविली नसती. परंतु ते मुंबईस परत आले, आणि १ डिसेंबर १८७५ रोजी तेथेच प्रभूमध्ये निजले.

वाचकहो, ह्या चरित्रातून आम्हांस एकच गोष्ट मुख्यत्वेकरून सुचवावयाची आहे. जी मुले आपल्या मंडळीतून शिकावयास बाहेर गेली आहेत, त्यांची नावे प्रार्थनेत असू द्या, आणि त्यांस पत्र अथवा निरोप पाठविण्यास कंटाळू नका. सणास ती घरी येतील तेव्हा त्यांस उपासनेत आपल्याजवळ बसवा. त्यांच्या पोशाखावरून वा बोलण्यावरून त्यांस परके ठरवू नका. गुरुजनांनीही शाळा सोडून गेलेल्यांचा माग ठेवावा. पाण्यावर टाकलेली भाकर कोणत्या तीराला लागेल हे आपल्यास ठाऊक नसते. विल्सन साहेबांची काही तिग्रेच्या डोंगरांत लागली, काही आफ्रिकेच्या अरण्यात, आणि काही अगदी जवळ, जालन्याच्या माळावर.