हाफकीन साहेब व प्लेगाची लस

मनुष्यास रोगाची भीती वाटते हे स्वाभाविक आहे. परंतु रोगावरील उपायाचीही त्यास तितकीच, कधी कधी अधिक, भीती वाटते. इ. स. २०२१ साली करोनाची लस आपल्या शिरूर व दौंड तालुक्यांतील आरोग्य केंद्रांत येऊन पोहोचली तेव्हा ही गोष्ट सर्वांच्या अनुभवास आली. कोणी म्हणे, टोचून घेतल्यावर ताप येतो, मग ऐन कामाच्या दिवसांत मजुरी बुडेल ती कोण देईल? कोणी म्हणे, लेकीसुनांस पुढे मूल होणार नाही. आणि काही मंडळ्यांत तर ही लस म्हणजे प्रकटीकरणात सांगितलेली श्वापदाची खूण होय, असे बोलणे मोबाईलवरून घरोघर फिरले. अशा वेळी मंडळीचे लोक पाळकाकडे व उपदेशकाकडे पाहतात. यास्तव ज्या पुरुषाने सव्वाशे वर्षांपूर्वी ह्याच मुंबई इलाख्यात अशाच भीतीस तोंड दिले, त्या वाल्देमार हाफकीन साहेबांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

हाफकीन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियाच्या साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात मेचनिकोव्ह नामक प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ त्यांचे गुरू होते. त्या काळी रशियात यहुदी लोकांवर वारंवार हल्ले होत. १८८१ साली असा दंगा झाला तेव्हा आपल्या लोकांचे रक्षण करण्यास जे तरुण उभे राहिले त्यांत हाफकीन होते, व त्याबद्दल त्यांस अटकही झाली. विद्या असूनही यहुदी म्हणून त्यांस अध्यापकाची जागा मिळेना. राज्याचा धर्म स्वीकारल्यास मार्ग मोकळा झाला असता. परंतु नोकरीसाठी धर्म बदलणे त्यांच्या सद्सद्विवेकास मानवले नाही, व त्यांनी नकार दिला. आपल्या विश्वासासाठी ज्यांच्या वाडवडिलांनी वतन व गणगोत यांची हानी सोसली, अशा आपल्या वाचकांस ह्या नकाराचे मोल निराळे सांगावयास नको.

१८८८ साली त्यांनी देश सोडला. काही काळ जिनीव्हा येथे शिकवून १८८९ साली ते पॅरिसास पाश्चर साहेबांच्या संस्थेत गेले. तेथे प्रथम त्यांस ग्रंथालयातील काम मिळाले, आणि फावल्या वेळात प्रयोगशाळेत ते पटकीच्या रोगजंतूंचा अभ्यास करू लागले. ससे, कबुतरे इत्यादी प्राण्यांवर लस सफळ झाली. तथापि मनुष्यास ती चालेल की नाही हे कोण सांगणार? १८ जुलै १८९२ रोजी हाफकीन यांनी ती स्वतःच्या अंगी टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. आपणास काय काय झाले ते त्यांनी नीट टिपून ठेवले, व थोड्या दिवसांनी दुसरी अधिक जोराची मात्रा घेतली. तद्नंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनी ती घेतली. आधी आपल्या अंगी, मग दुसऱ्याच्या, हा नियम त्यांनी येथून घातला.

पटकीचे घर म्हणून त्या काळी बंगालकडे बोट दाखवीत. म्हणून मार्च १८९३ मध्ये हाफकीन कलकत्त्यास आले. ते वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. शिवाय रशियाचे प्रजाजन. यामुळे कित्येक इंग्रज डॉक्टर त्यांजकडे संशयाने पाहत. लोकही भीत. कलकत्त्याच्या वस्त्यांत त्यांजवर दगड आले. तेव्हा त्यांजबरोबरच्या हिंदी डॉक्टरांनी सर्वांच्या देखत टोचून घेतले, मग हळूहळू लोक पुढे झाले. १८९४ साली काठाल बागान नामक वस्तीत पटकी लागली असता सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्या वस्तीत आणखी १० जणांस पटकी झाली व ७ दगावले. हे दहाही जण न टोचलेल्यांपैकी होते. १८९५ साली प्रकृती बिघडून ते विलायतेस परत गेले, तोवर उत्तर हिंदुस्थानात व बंगाल्यात ४० हजारांहून अधिक लोकांनी स्वखुशीने टोचून घेतले होते. जबरीने एकासही टोचले नव्हते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुन्हा हिंदुस्थानात आलेल्या हाफकीन यांस सरकारने ऑक्टोबरात मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व पडवी, आणि हाताखाली तीनचार माणसे, एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम आरंभिले. मांसाच्या रसात प्लेगाचे जंतू वाढवावयाचे, त्यावर तुपाचे थेंब सोडावयाचे म्हणजे त्या थेंबांस धरून जंतू झुंबरासारखे खाली वाढतात. मग तो रस तापवून जंतू मारून टाकावयाचे, अशी ती रीत होती. लस मेलेल्या जंतूंची असल्याने तिच्यापासून प्लेग होणे शक्य नव्हते. मात्र शरीरास शत्रूची ओळख पटून ते आधीच सावध होत असे.

तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकीन यांनी तिची १० घन सेंटिमीटर मात्रा, म्हणजे पुढे लोकांस देत तिच्याहून कितीतरी अधिक, स्वतः घेतली. ताप व वेदना झाल्या, पण ते काम करीत राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी आपण होऊन लस घेतली. त्या दिवशीच ज्यांच्या अंगी रोग शिरलेला होता त्यांस लसीचा उपयोग झाला नाही. कारण लस ही कुंपण आहे, घरात शिरलेल्या चोरास ती बाहेर काढीत नाही. परंतु पुढील दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ आजारी पडून ६ मेले, आणि टोचलेल्यांपैकी २ आजारी पडले व दोघेही वाचले.

इकडे पुण्यात ह्याच सुमारास काय चालले होते हे ध्यानात घेतले म्हणजे लोकांच्या भीतीचे कारण उमगते. प्लेगाच्या बंदोबस्तास रँड साहेब नेमले होते, आणि घरोघर गोरे सोल्जर शिरून माणसे तपासून नेत. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, कशाचीही भीड राहिली नाही. २२ जून १८९७ रोजी रँड साहेबांवर गोळी झाडण्यात आली, व पुढे ते मरण पावले. आपल्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे ज्यांचे मुक्ति मिशन उभे आहे, त्या पंडिता रमाबाईंनीही त्याच वर्षी आपल्या शारदा सदनातील एका मुलीच्या प्रकरणावरून प्लेगाच्या इस्पितळात तरुण स्त्रियांचे रक्षण होत नाही, अशी तक्रार वृत्तपत्रात प्रसिद्ध केली. सरकारने ती नाकारली. बाई काही औषधाच्या शत्रू नव्हत्या. परंतु ज्याच्या हाती उपाय आहे त्याने माणसाची अब्रू राखिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच १८९७ सालच्या १० मार्च रोजी पुण्यात प्लेगाच्या रोग्यांची सेवा करिता करिता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेविला होता. अशा दिवसांत सरकारी माणूस सुई घेऊन आला तर कोणाचा विश्वास बसावा? ही लस बाटविण्यासाठी आहे, हिने माणूस मरतो किंवा निपुत्रिक होतो, अशा वार्ता त्या वेळीही उठल्या होत्या.

हाफकीन यांची रीत सक्तीची नव्हती. ते स्वखुशीने येणाऱ्यास टोचीत, आणि टोचलेले किती व न टोचलेले किती, त्यांपैकी आजारी व मृत किती, याचा चोख हिशेब ठेवून तो सर्वांपुढे मांडीत. मुंबईत आगाखान यांनी स्वतः उघडपणे टोचून घेतले, आणि त्यांच्या खोजा अनुयायांपैकी हजारो लोक पुढे आले. १८९८ साली बडोदे संस्थानातील उंढेरा नामक खेड्यात प्लेग असता प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांस टोचण्यात आले. एकच घर, एकच अन्न, एकच पाणी. फरक काय तो लसीचा. टोचलेल्या ५१३ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ मेले. न टोचलेल्या ४३७ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ मेले. लस घेऊनही तिघे मेले ही गोष्ट हाफकीन यांनी लपविली नाही. लसीने संकट पुष्कळ कमी होते, अगदी नाहीसे होत नाही, एवढेच ते सांगत. आणि जो एवढेच सांगतो त्याचे म्हणणे टिकते.

१८९९ साली परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसात त्यांची प्रयोगशाळा मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. तोच त्यांजवर मोठे अरिष्ट आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांस टोचण्यात आले. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेल्या १९ जणांस धनुर्वात झाला व ते सर्व मेले. इतर बाटल्यांतील लस घेतलेले ८८ जण सुखरूप राहिले. चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला, व हाफकीन यांस कामावरून दूर करण्यात आले. परंतु कागदपत्रे पुढे आली तेव्हा दिसले की, त्या दिवशी मुलकोवाल येथे बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करिताच वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे आज आरोग्य सेविकाही जाणते. १९०७ साली रोनाल्ड रॉस इत्यादी नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे ते दोषमुक्त ठरले. पाच वर्षे त्यांनी हा कलंक वाहिला. दरम्यान पंजाबातील लोकांचा लसीवरील विश्वास उडाला होता, आणि प्लेग तर तेथे थैमान घालीतच होता. एका चिमट्याच्या हयगयीने १९ कुटुंबे उद्ध्वस्त झाली, आणि दुसरी किती झाली ते मोजता येत नाही.

ते पुन्हा कलकत्त्यास आले, परंतु पूर्वीसारखे काम त्यांजकडे सोपविण्यात आले नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस हाफकीन इन्स्टिट्यूट असे नाव देण्यात आले. ती संस्था आजही त्याच जागी आहे. हाफकीन अविवाहित होते. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी मुलांच्या धर्मशिक्षणासाठी ठेविली, आणि ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडातील लोझान येथे त्यांचा अंत झाला.

आता आपल्या तालुक्यांकडे वळू. करोनाची जी लस येथील बहुतेकांनी घेतली ती दूरदेशाहून आली नव्हती. दौंडहून पुण्यास जाताना जे मांजरी स्टेशन लागते, त्या गावच्या शिवारातील कारखान्यात ती तयार होत होती. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लस देण्यास आरंभ झाला, तो प्रथम डॉक्टर, नर्स, आरोग्य सेविका व सफाई कामगार यांपासून. मार्चमध्ये वृद्धांची, आणि मे महिन्यात १८ वर्षांवरील सर्वांची पाळी आली. टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच बसवून ठेवीत, कारण एखाद्यास त्रास झालाच तर तो बहुधा त्याच वेळात दिसतो व उपचार करिता येतो. आधी सेवकांनी घ्यावी, मग लोकांस द्यावी, ही हाफकीन यांचीच रीत नव्हे काय?

तरी पुष्कळांच्या मनात भीती होती, आणि तिचा उपहास करणे योग्य नव्हते. ज्याच्या घरी टोचल्यावर दोन दिवस ताप आला व हजेरी बुडाली, त्याची अडचण खरी होती. ज्या आईने मुलीच्या संसाराविषयी विचारले, तिचा प्रश्न प्रेमातून आला होता. प्लेगाच्या लसीनेही ताप येई, हे हाफकीन यांनी कधी नाकारले नाही. आणि श्वापदाच्या खुणेविषयी म्हणाल तर, ती खूण घेणे म्हणजे प्रभूस सोडून दुसऱ्यास भजणे होय. रोगापासून शेजाऱ्याचा व स्वतःचा बचाव करण्यात कोणाची भक्ती सोडावी लागते? देवीची लस आपल्या आजोबापणजोबांनी दंडावर घेतली, तिचे वण घेऊन ते उपासनेस बसले, आणि १९७७ सालानंतर देवीचा रोग पृथ्वीवर साथीच्या रूपाने कोठेही राहिला नाही.

उपदेशक बंधूंनो, पुन्हा कधी साथ येईल व कोणी भीत भीत तुमच्या दारी येऊन विचारील. तेव्हा त्यास भित्रा किंवा अविश्वासी म्हणू नका, आणि जे तुम्हांस ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे सांगू नका. त्याचे विचारणे पूर्ण ऐकून घ्या. शंका आजाराची असेल तर त्यास बरोबर घेऊन आरोग्य केंद्रात जा व डॉक्टरांस विचारा. शक्य असेल तर आधी आपली बाही वर करा. रँड साहेबांच्या शिपायांनी जे बळाने साधले नाही, ते कलकत्त्याच्या वस्तीत चार डॉक्टरांनी स्वतः सुई टोचून घेऊन साधले. विश्वास हुकुमाने उत्पन्न होत नाही. तो पुढे जाणाऱ्याच्या पावलामागून येतो.