गच्चीवरची विजेची मेंढी

'ब्लेड रनर' पाहिलेले होस्टेलवर बरेच जण सापडतील. पण तो ज्या कादंबरीवरून काढला ती वाचलेला एखादाच! म्हणून ही तिच्या लेखकाची, फिलिप के. डिकची गोष्ट.

फिलिपचा जन्म १६ डिसेंबर १९२८ चा, शिकागोतला. जुळी बहीण जेन सहा आठवड्यांतच गेली. तिच्या थडग्यावर आईवडिलांनी शेजारी फिलिपचंही नाव कोरून ठेवलं, फक्त मृत्यूची तारीख रिकामी सोडली. पुढे कॅलिफोर्नियात तो रेकॉर्डच्या दुकानात नोकरी करता करता लिहू लागला. १९५२ मध्ये पहिली कथा छापून आली. १९६३ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, तरी पैशांची चणचण काही सुटली नाही. खरं काय आणि नकली काय, हा प्रश्न मात्र आयुष्यभर त्याच्या मागे लागला.

'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' ही कादंबरी १९६८ ची. महायुद्धानंतर बहुतेक प्राणी संपलेत, खरा प्राणी पाळणं म्हणजे प्रतिष्ठा. नायक डेकार्डच्या गच्चीवर असते विजेवर चालणारी मेंढी, आणि शेजाऱ्यांना ते कळू नये म्हणून त्याची धडपड! नकली माणसांची शिकार करणारा स्वतःच नकली मेंढी सांभाळतोय.

रिडली स्कॉटच्या पिक्चरमध्ये ती मेंढी नाही. सुरुवातीची पटकथा फिलिपला अजिबात आवडली नव्हती. सुधारलेली मात्र पटली. मग पिक्चरवरून नवी कादंबरी लिहून द्यायची ऑफर आली. पैसा भरपूर होता, पण मूळ पुस्तक बाजूला पडलं असतं. त्याने चक्क नकार दिला! शेवटी मूळ कादंबरीच पुन्हा छापली गेली.

पिक्चरचा थोडा भाग त्याला दाखवला, तेव्हा पडद्यावरचं शहर बघून तो भारावून गेला. पूर्ण पिक्चर बघणं मात्र नशिबात नव्हतं. २ मार्च १९८२ रोजी, ५३ व्या वर्षी तो गेला. पिक्चर लागला जूनमध्ये. कोलोरॅडोत जेनच्या शेजारी त्याला पुरलं आणि दगडावरची रिकामी तारीख भरली.

त्याला पडद्याचा राग नव्हता. पडद्यासाठी पुस्तक पुसलं जाऊ नये, एवढाच हट्ट होता. तेव्हा पिक्चर जरूर बघा, पण नंतर एकदा त्या गच्चीवरही जाऊन या. मेंढी तिथेच आहे.