जगदीशचंद्र बोस

सर जगदीशचंद्र बोस (३० नोव्हेंबर १८५८ – २३ नोव्हेंबर १९३७) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. वनस्पतींच्या संवेदनशीलतेवरील संशोधनामुळे ते सर्वपरिचित आहेत. विद्युतचुंबकीय लहरी टिपणाऱ्या धातुसंपर्कांवरील त्यांचे कार्यही तितकेच मूलगामी आहे. संपर्काचा भरवसा धातूच्या पृष्ठभागावर व त्यावरील मुलाम्यावर अवलंबून असतो, हे त्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले.

जीवन

बोस यांचा जन्म मयमनसिंह (आता बांगलादेशात) येथे झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी होते; तरीही त्यांनी मुलाला प्रथम बंगाली शाळेत घातले. कोलकात्याचे सेंट झेवियर्स महाविद्यालय व केंब्रिजचे क्राइस्ट्स महाविद्यालय येथे शिक्षण घेऊन ते १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन देऊ केल्याच्या निषेधार्थ त्यांनी तीन वर्षे वेतन न घेता अध्यापन केले. अखेरीस त्यांना मागील थकबाकीसह पूर्ण वेतन मिळाले. सुसज्ज प्रयोगशाळा नसल्याने एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराच्या मदतीने त्यांनी आपली उपकरणे घडवली.

धातुसंपर्कांवरील संशोधन

त्या काळी विद्युतलहरी ओळखण्यासाठी कोहिअरर हे साधन वापरत. त्यात धातूचा कीस सैलपणे भरलेला असे. लहर येताच कणांमधील रोध एकदम घटे व प्रवाह वाहू लागे. परंतु किसातील संपर्क बेभरवशाचे असत. बोस यांनी किसाऐवजी पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा एका थरात शेजारी शेजारी बसवल्या. स्क्रूने त्यांवरील दाब आणि विद्युतघटाच्या जोडणीने त्यांवरील विद्युतदाब कमीजास्त करता येत असे.

तथापि बंगालच्या उष्ण व दमट हवेत पोलादाचा पृष्ठभाग लवकर गंजे आणि साधनाची संवेदनक्षमता बरीच घटे. कोरडी हवा मुख्यतः हिवाळ्यातच मिळत असल्याने वर्षातील बहुतेक काळ नाजूक प्रयोग अडून राहत. युरोपातील संशोधकांशी बरोबरी करायची, तर ही अडचण दूर करणे भाग होते.

बोस यांनी प्रथम पोलादी स्प्रिंगांवर निरनिराळ्या धातूंचा मुलामा देऊन पाहिला. संवेदनक्षमता आतल्या धातूवर नव्हे, तर वरच्या थरावर ठरते, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी चांदीच्या बारीक तारेच्या स्प्रिंगा करून त्यांवर विद्युतविलेपनाने कोबाल्टचा थर चढवला. आरंभी हा थर सोलून निघे. द्रावणात योग्य बदल करून व प्रवाह नियंत्रित करून त्यांनी घट्ट चिकटणारा थर मिळवला. कोबाल्ट पुरेसा संवेदनक्षम होता आणि लोखंडासारखा चटकन बिघडत नव्हता. १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्यांनी अनेक धातूंचा तौलनिक अभ्यास दिला. पोटॅशियमच्या संपर्कात रोध घटण्याऐवजी वाढतो, असेही त्यात नोंदवले आहे.

पुढे त्यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा संपर्क वापरून शोधक तयार केला. मित्रमंडळींच्या आग्रहावरून १९०१ मध्ये अर्ज केलेले त्याचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले. मार्कोनी यांनी १९०१ मध्ये अटलांटिकपार संदेश टिपताना वापरलेल्या पाऱ्याच्या कोहिअररचे मूळ बोस यांच्या कार्यात असल्याचे काही अभ्यासक मानतात. याबाबत एकमत नाही.

आजच्या वापरातील संदर्भ

बोस यांनी विजेरी बनवली नाही. मात्र त्यांनी सोडवलेला प्रश्न विजेरीतही भेटतो. दोन सेलच्या विजेरीत एकूण विद्युतदाब ३ व्होल्ट असतो. प्रवाह ०.३ अँपिअर असताना संपर्कांचा रोध १ ओहम झाला, तर ०.३ व्होल्ट, म्हणजे एकदशांश दाब, तेथेच खर्ची पडतो आणि प्रकाश मंदावतो. मुंबईच्या उपनगरांतील पावसाळी हवेत उघडे लोखंड गंजते व पितळ काळवंडते. म्हणून स्प्रिंगा व पट्ट्यांवर सहसा निकेलचा मुलामा असतो. चांदी उत्तम वाहक असली तरी गंधकयुक्त हवेत काळी पडते. सोने गंजत नाही. पण त्याचा पातळ थर घासून जातो, म्हणून त्याखाली निकेलचा थर देतात. थर कितीही चांगला असला तरी स्प्रिंगेचा दाब पुरेसा असावा लागतो.

उत्तरायुष्य व सन्मान

१९१५ मध्ये निवृत्त झाल्यावर बोस यांनी ३० नोव्हेंबर १९१७ रोजी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या सूक्ष्मलहरींवरील कार्याला २०१२ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने 'मैलाचा दगड' म्हणून मान्यता दिली.